जातीचा रकाना आणि बिनपगारी इंटर्नशिप

‘मानधन नाही. प्रमाणपत्र मिळेल. स्वतःचा लॅपटॉप असणे आवश्यक.’ सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्याशास्त्र, सांख्यिकी किंवा समाजकार्य यांत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने अशी जाहिरात कधी ना कधी वाचलेली असते. वाक्यं तीनच, पण घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्यांपैकी किती जण अर्ज भरण्याआधीच गळणार हे ती ठरवून टाकतात. जात विचारावी लागत नाही, आडनाव बघावं लागत नाही. दोन महिने बिनपगारी परक्या शहरात राहण्याइतके पैसे घरात आहेत का, एवढंच ती विचारतात. या देशात या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा जातीनेच दिलेलं असतं.

हा लेख माता आणि बाल आरोग्याच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या इंटर्नशिपबद्दल आहे. या क्षेत्रात दोन गैरहजेऱ्या एकमेकींना धरून चालतात, असं माझं म्हणणं आहे. एक, आकडे वाचणाऱ्यांमध्ये आपली माणसं नाहीत. दुसरी, छापून येणाऱ्या तक्त्यांमध्ये जात नाही. पहिली मिटवल्याशिवाय दुसरी मिटणार नाही.

उदाहरण छत्तीसगडचं घेते, कारण तिथे मी काम केलं आहे. मी गोंदिया जिल्ह्यातली. आई विड्या वळते, वडील राइस मिलमध्ये हमाली करतात. घरातली पहिली पदवीधर मीच. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेताना रायपूरच्या एका संस्थेत दोन महिने इंटर्न होते. मुंबई-दिल्लीपेक्षा रायपूर आम्हाला जवळचं. गाडी थेट आहे, भाषा कानावरची आहे. 1956 पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. बाळंतपणाला आमच्याकडे जचकी म्हणतात, तिकडेही जचकीच म्हणतात. हा शब्द पुढे कामाला आला.

आधी राज्याचं चित्र पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार छत्तीसगडमध्ये अनुसूचित जमाती 30.6 टक्के आणि अनुसूचित जाती 12.8 टक्के. उरलेल्यांमध्ये मोठा वाटा ओबीसींचा. म्हणजे हे राज्यच बहुजनांचं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे 2019-21 मध्ये, तिथला बालमृत्यूदर हजार जिवंत जन्मांमागे 44.3 होता, तेव्हा देशाचा 35.2 होता. चौथ्या सर्वेक्षणात छत्तीसगडचा आकडा 54 होता, म्हणजे सुधारणा झाली, हे खरं. दवाखान्यातल्या प्रसूतींचं प्रमाणही 70.2 वरून 85.7 टक्क्यांवर गेलं. मातामृत्यूचं प्रमाण मात्र बघा. नमुना नोंदणी पद्धतीच्या 2018-20 च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात 97 माता दगावत होत्या, महाराष्ट्रात 33 आणि छत्तीसगडमध्ये 137.

आता विचारा, या 137 मध्ये सतनामी किती, गोंड किती, बैगा किती, साहू किती आणि ब्राह्मण-बनिया किती? या आकड्यांमधून ते कळत नाही. मातामृत्यूचा दर राज्यनिहाय छापला जातो, जातनिहाय नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जात विचारली जाते. पण जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये ती दिसत नाही आणि राज्याच्या फॅक्टशीटमध्ये शहरी-ग्रामीण एवढीच फोड असते. जातनिहाय तक्ता बघायला शेकडो पानांचा अहवाल उघडावा लागतो. तो उघडला की देशाचं चित्र असं दिसतं. चौथ्या सर्वेक्षणात, 2015-16 मध्ये, अनुसूचित जातींमध्ये बालमृत्यूदर 45.2, अनुसूचित जमातींमध्ये 44.4, ओबीसींमध्ये 42.1 आणि या तिन्हींत न येणाऱ्या ‘इतर’ गटात 32.1. हजारामागे बारा-तेरा बाळांचा हा फरक कशाचा, हे शोधणं संशोधकाचं काम आहे. पण फरक दिसलाच नाही तर शोधणार काय?

रोजच्या सरकारी आकडेवारीची अवस्था याहून कठीण. आरोग्य खात्याची एचएमआयएस नावाची माहिती प्रणाली 2008 पासून चालते. उपकेंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत प्रत्येक ठिकाणाहून दर महिन्याला त्यात आकडे जातात. किती गरोदर बायकांची नोंद झाली, कितींच्या चार तपासण्या झाल्या, किती प्रसूती, किती बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची, किती मृत्यू. सगळी बेरीज. आईची जात त्या बेरजेत येत नाही. गंमत अशी की खालच्या पातळीवर ती लिहिलेली असते. गरोदर बाईची नाव घालून नोंद होते त्या रजिस्टरमध्ये जातीचा रकाना आहे. एससी, एसटी, इतर. एएनएम तो भरते. मग महिन्याची बेरीज वर जाते आणि रकाना खालीच राहतो.

छत्तीसगडमध्ये याच्याही खाली एक पायरी आहे, आणि मला सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं. ती म्हणजे मितानिन. ‘आशा’ ही योजना देशात 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. छत्तीसगडने त्याच्या आधी, 2002 मध्ये, मितानिन कार्यक्रम सुरू केला होता. मितान म्हणजे विधी करून जोडलेला मित्र. ही मैत्री जात ओलांडूनही जोडली जाते आणि रक्ताच्या नात्यासारखी पाळली जाते. तिचं नाव आरोग्य कार्यकर्तीला दिलं गेलं. या कार्यक्रमाची खुबी म्हणजे मितानिन गावाला एक अशी नसते, ती पाऱ्याला असते. पारा म्हणजे आपल्याकडची वस्ती, टोली, वाडा.

छत्तीसगडच्या गावात पारा कसा बसलेला असतो हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगायला नको. सतनामी पारा वेगळा, गोंड पारा वेगळा, मालगुजाराच्या वाड्याभोवतीची घरं वेगळी. म्हणजे मितानिन आपल्या पाऱ्याची वही ठेवते तेव्हा ती जातीची वही ठेवत असते. जातीचा रकाना नसला तरी. त्या वह्यांची बेरीज होऊन गावाचा आकडा तयार झाला की जात पुसली जाते. पुढे गट, जिल्हा, राज्य. गावाचा आकडा चांगला दिसू शकतो आणि त्याच गावातला एक पारा मागे राहिलेला असू शकतो. रायपूरच्या पडद्यावर गाव हिरवं दिसतं.

हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. कळलं कारण मी स्वतः बौद्धवाड्यातून आले आहे. आमच्या गावात नळयोजना आली तेव्हा गाव ‘शंभर टक्के’ झालं होतं आणि आमच्या वाड्याला पाणी त्यानंतर दोन उन्हाळ्यांनी आलं. ‘गाव’ हा शब्द ऐकला की आपल्या डोक्यात पहिला प्रश्न येतो, गावातलं कुठलं? शहरातल्या सोसायटीत वाढलेल्या हुशार मुलीच्या डोक्यात तो येत नाही. तिची हुशारी कमी नाही, तिला तो प्रश्न पडावा असं काही तिच्या आयुष्यात घडलेलं नाही, एवढंच. आकडे वाचणाऱ्यांमध्ये कोण आहे यावर आकड्यांना काय विचारलं जातं हे ठरतं, असं मी म्हणते ते या अर्थाने.

आणखी दोन उदाहरणं देते. पहिलं ‘हरवलेल्या’ बायकांचं. गरोदरपणात चार तपासण्या पूर्ण न झालेल्या बायकांच्या यादीपुढे ‘पाठपुरावा नाही’ असा शेरा असतो. बैठकांमध्ये यावर जनजागृतीचा उपाय सुचवला जातो. बाईला तपासणीचं महत्त्व कळत नाही असं गृहीत धरलेलं असतं. ज्यांनी नागपूरच्या बांधकामांवर छत्तीसगडी जोडपी विटा वाहताना बघितली आहेत त्यांना त्या कुठे गेल्या हे माहीत असतं. धान कापून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात. पोटातलं बाळही जातं. नोंद गावात राहते, बाई दुसऱ्या राज्यात. शिवाय पहिली जचकी माहेरी, म्हणजे तपासणी एका उपकेंद्रात आणि बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात. भूमिहीन कोण, स्थलांतर कोणाचं, याची यादी काढली की जात पुन्हा समोर येते. हा प्रश्न जनजागृतीचा आहे की मजुरीचा आणि जमिनीचा, हे ठरवण्यासाठी आधी हे माहीत असावं लागतं.

दुसरं उदाहरण रक्तक्षयाचं. छत्तीसगडमध्ये 15 ते 49 वयोगटातल्या 60.8 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं पाचवं सर्वेक्षण सांगतं. उपाय म्हणजे लोहाच्या गोळ्या. पण मध्य भारतात सिकलसेल आहे. विदर्भातल्या बौद्धांना, गोंडांना, छत्तीसगडच्या सतनामींना, साहूंना हा आजार घराघरातून माहीत आहे. रायपूरमध्ये यासाठी स्वतंत्र सिकलसेल संस्था आहे आणि जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू केलं. तरीही तक्त्यात नुसता हिमोग्लोबिनचा आकडा असला तर लोहाच्या कमतरतेने फिकी पडलेली बाई आणि सिकलसेलची गरोदर बाई एकाच खान्यात बसतात. दुसरीच्या बाळंतपणात जीवाचा धोका कितीतरी जास्त असतो. ज्याच्या घरात एखादी आत्या, एखादा भाऊ दुखण्याने रात्र-रात्र तळमळलेला आहे, तो इंटर्न हा खाना बघून लगेच विचारेल की यांची सिकलसेलची तपासणी झाली का.

आता इंटर्नशिपच्या हिशोबाकडे येते. सरकारी खात्यांची मुख्यालयं आता नवा रायपूरला आहेत, जुन्या शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या खोल्या विद्यापीठाच्या बाजूला, अमानाका-कोटा भागात. दोघींमध्ये खोली घेतली तरी माझ्या वाट्याला भाडं अडीच हजार, मेस अठ्ठावीसशे, येण्याजाण्याला अठराशे, वर मोबाइलचं रिचार्ज आणि झेरॉक्स. महिन्याला साडेसात हजार रुपये धरा. दोन महिन्यांचे पंधरा हजार. आईने किती हजार विड्या वळल्या की पंधरा हजार होतात, हा हिशोब मी रायपूरच्या खोलीत बसून केला होता. शिष्यवृत्तीचा हप्ता त्या दोन महिन्यांत आला नाही. लॅपटॉप मावसभावाचा होता. माझ्यासोबतच्या तीन इंटर्नपैकी दोघांना घरून पैसे येत होते आणि तिसऱ्याचे मामा त्याच शहरात अधिकारी होते. ती मुलं वाईट नव्हती. एकाने मला पिव्होट टेबल शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण आमच्या वर्गातल्या, माझ्यापेक्षा गणितात चांगल्या असलेल्या दोन मुली त्या उन्हाळ्यात आल्याच नाहीत. एक तेंदूपत्ता तोडायला गेली, एक लग्नात वाढप्याच्या कामाला.

‘इंटर्नशिप हे शिक्षण आहे, नोकरी नव्हे, मग पैसे कशाचे?’ असं विचारलं जातं. मग आम्ही काय केलं ते बघा. चार जिल्ह्यांच्या एक्सेल शीट साफ केल्या. ज्या केंद्रांनी शून्य लिहायच्या ऐवजी खाना रिकामा सोडला होता त्यांना फोन करून शून्य आणि ‘माहिती नाही’ वेगळं केलं. जन्मवजनाच्या यादीत एक नेमका आकडा संशयास्पद प्रमाणात परत परत येत होता, 2500 ग्रॅम. बाळ 2500 च्या खाली गेलं की ते कमी वजनाचं ठरतं, वर प्रश्न विचारले जातात, म्हणून काटा तिथे येऊन थांबतो. कुठे काटाच बिघडलेला असतो. हे सगळं आम्ही नोंदवलं आणि ते संस्थेच्या अहवालात गेलं. ज्या कामाचा अहवाल होतो ते काम आहे. डॉक्टरकी शिकणाऱ्यांच्या सक्तीच्या इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं, कारण तिथे ते काम मानलं गेलं आहे.

बिनपगारी ही फक्त छोट्या संस्थांची अडचण आहे असंही नाही. नीती आयोगाची इंटर्नशिप बिनपगारी आहे आणि लॅपटॉपही आपलाच न्यावा लागतो. देशाचं धोरण जिथे आखलं जातं तिथे बसून शिकायची संधी, पण दिल्लीत राहायचा खर्च तुमचा. दुसरीकडे ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरू झाली. सुरुवातीला तिच्यात महिन्याला पाच हजार रुपये होते, पण ती मोठ्या कंपन्यांसाठी होती आणि पदव्युत्तर पदवीधारकांना किंवा पूर्णवेळ शिकणाऱ्यांना त्यात जागा नव्हती. म्हणजे सार्वजनिक आरोग्यात एमपीएच करणारी गरीब घरातली मुलगी दोन्हीकडून बाहेर.

या साखळीत बिनपगारी आम्हीच नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. ज्या बाईच्या वहीतून सगळे आकडे निघतात ती मितानिन किंवा आशा सरकारच्या लेखी ‘स्वयंसेविका’ आहे. तिला पगार नाही, कामागणिक प्रोत्साहन रक्कम मिळते. महाराष्ट्रातल्या आशाताईंना थोड्याशा वाढीसाठी आझाद मैदानावर बसावं लागतं. तळाला आकडा गोळा करणारी बहुजन बाई जवळपास फुकट राबते. वर आकडा वाचायची जागा फुकट राबणं परवडणाऱ्यांसाठी राखीव होते. मधल्या डेटा एंट्रीच्या खुर्चीवर कंत्राटी पोरगा. आकड्यांची उतरंड अशी आहे, आणि उतरंड हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे.

तक्त्यातून जात कशी बाहेर जाते, हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलं. जन्मवजनाच्या तक्त्यात मी एससी, एसटी, इतर अशी फोड केली होती, कारण त्या शीटमध्ये तो रकाना भरलेला होता. वरिष्ठांनी ती फोड काढायला सांगितली. जात हा आरोग्याचा विषय नाही, गरिबी हा विषय आहे, उत्पन्नानुसार दाखव, असं म्हणाले. शीटमध्ये उत्पन्नाचा रकानाच नव्हता. मी तसं सांगितलं. मग फोडच गेली, तक्ता राहिला. यात दुष्टपणा नव्हता, सवय होती. सवर्ण माणसाला स्वतःची जात दिसत नाही, त्यामुळे तक्त्यात दुसऱ्याची दिसली की त्याला ती अडचणीची वाटते.

जात लपवल्याने काय होतं याचं छत्तीसगडमधलं सर्वांत भयंकर उदाहरण नोव्हेंबर 2014 चं. बिलासपूर जिल्ह्यात नसबंदी शिबिरं झाली. एका शिबिरात एका शल्यचिकित्सकाने काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया केली. त्या शिबिरांनंतर 13 बायका मेल्या. बहुतेक दलित, आदिवासी आणि ओबीसी घरांतल्या. त्यांच्यात एक बैगा बाईही होती. बैगांसारख्या विशेष मागास जमातींची नसबंदी करू नये असा अविभाजित मध्य प्रदेशाचा 1979 चा आदेश होता. तो आदेश बरोबर की चूक, बाईच्या मर्जीचं काय, हा वेगळा वाद आहे आणि तो बैगा बायकांनीच पुढे नेलेला आहे. माझा मुद्दा असा की लक्ष्य मोजणाऱ्या यंत्रणेला बाई बैगा आहे की कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिच्यासाठी ती एक ‘केस’ होती. पुढे सप्टेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास खटल्यात अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. आकड्याचं लक्ष्य कोणाच्या शरीरावर पूर्ण केलं जातं, हे जातीचा रकाना असल्याशिवाय आधी दिसत नाही. मेल्यावर वर्तमानपत्रांतून कळतं.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. जात लिहिली की ओळख पटते, ओळख पटली की त्रास होतो. खरं आहे. पाच घरांच्या पाऱ्यातल्या एका मातामृत्यूचा तक्ता जातीसह छापला तर ती बाई कोण हे अख्ख्या तालुक्याला कळेल. सिकलसेलची माहिती बाहेर गेली तर लग्नं मोडतात, हे आपण पाहिलं आहे. म्हणून नाव घातलेली नोंद जपलीच पाहिजे, लहान आकडे एकत्र करूनच छापले पाहिजेत आणि कोणाला काय दिसेल याचे नियम हवेत. पण हा आक्षेप छापण्याच्या पद्धतीला आहे, मोजण्याला नाही. रजिस्टरमध्ये जात आजही आहेच. ती वर बसलेल्यांना हवी तेव्हा दिसते, आपल्याला दिसत नाही. शिवाय एससी, एसटी, इतर ही तीन खानी पुरेशी नाहीत. ओबीसी माता ‘इतर’मध्ये ब्राह्मण मातेच्या शेजारी बसते आणि ‘एसटी’मध्ये पहाडी कोरवा आणि शिकलेला शहरी गोंड एक होतात.

एप्रिल 2025 मध्ये केंद्राने येत्या जनगणनेत जातीची गणना करायचा निर्णय घेतला. हे बहुजन चळवळीचं यश आहे. पण जनगणना माणसं मोजेल. कोणाच्या पोटची बाळं पहिल्या महिन्यात जातात, हे आरोग्याच्या नोंदींतूनच कळेल. जातीची लोकसंख्या कळली की त्या दराचा छेद मिळेल. अंश आरोग्य खात्याच्या रजिस्टरमध्ये पडून आहे. दोन्ही जोडणारी माणसं तयार करायची वेळ आता आहे.

मोजणं ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही. 1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो हा सवाल मांडला. त्याच्या आधी, 1863 मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. माता आणि बाळ हा विषय आपल्याकडे तेव्हापासून आहे. बाबासाहेबांनी 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन आयोगाला दिलेलं शिक्षणविषयक निवेदन आकड्यांनी भरलेलं आहे. कोणत्या समाजाची किती मुलं कोणत्या पायरीवर शाळेत आहेत, याची फोड करून त्यांनी अन्याय दाखवला. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी कामगार बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आणि बाबासाहेब-रमाईंची पाच मुलं, त्यांतला एकटा यशवंत वाचला, हे आपण प्रत्येक जयंतीला ऐकतो. बालमृत्यूदर नावाचा आकडा आपल्या चळवळीच्या घरातून गेलेला आहे.

गावातली माणसं मोजू लागली की काय होतं हे शेजारच्या गडचिरोलीने दाखवलं. ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, जन्म-मृत्यू गावपातळीवर मोजले आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते काम छापून आलं. 2011 मध्ये देशाने घरोघरी नवजात बालसेवेचा कार्यक्रम घेतला तो याच वाटेवरून. लेखावर नाव डॉक्टरांचं असतं, तशी रीतच आहे. पण थोडंफार शिकलेल्या बायका अचूक नोंदी ठेवू शकतात हे तिथे सिद्ध झालं. मग त्यांच्या लेकी त्या नोंदींचं विश्लेषण का करू शकणार नाहीत?

माझ्या मागण्या साध्या आहेत. सरकारी पैशावर किंवा देणगीवर चालणाऱ्या आरोग्य-आकडेवारीच्या प्रत्येक इंटर्नशिपला राहण्या-खाण्याचा खर्च निघेल एवढं विद्यावेतन असावं आणि ते महिन्याच्या सुरुवातीला मिळावं, शेवटी परतफेड म्हणून नव्हे. जागांमध्ये एससी, एसटी, ओबीसी आरक्षण असावं. लॅपटॉप कार्यालयाने द्यावा. काही जागा राजधानीऐवजी जिल्ह्यात आणि गटात असाव्यात, तिथे खर्च कमी आणि शिकणं जास्त. इंटर्नने साफ केलेल्या आकड्यांच्या अहवालात तिचं नाव असावं. आणि जिल्ह्याच्या वार्षिक आरोग्य अहवालात माता व बाल आरोग्याचे मोजके दहा तक्ते, ओळख उघड न करता, जातनिहाय छापावेत.

तुम्हालाही, म्हणजे या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या माझ्या भावाबहिणींना, थोडं सांगते. अनुभव आपल्याकडे आहे, पण अनुभवावर तक्ता उभा राहत नाही. दर म्हणजे काय, छेद कुठून आला, नमुना किती होता, लहान नमुन्यावरून किती बोलावं, हे शिकावंच लागतं. अंदाज मांडला आणि छेद चुकला तर तुमचं खरं म्हणणंही खोटं ठरवतील. आपल्याला ती सूट मिळत नाही. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची तुमच्या जिल्ह्याची फॅक्टशीट फुकट मिळते. आजच ती काढा आणि आपल्या आजीशेजारी बसून वाचा. दवाखान्यात बाळंतपण किती टक्के, हे सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. ती म्हणेल, दवाखान्यात नेलं खरं, पण खाटेवर कधी घेतलं ते विचार. मातामृत्यूच्या अभ्यासात तीन उशीर सांगतात, निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचाराला उशीर. तिसऱ्या उशिरात नर्स कोणाला आधी हात लावते हे येतं. पुस्तकात जात लिहिलेली नसते, आजी ती सांगते. दोन्ही एकत्र ठेवता आलं की तुम्ही असा प्रश्न विचाराल जो त्या कार्यालयात आजवर कोणी विचारलेला नाही.

आणि ज्यांना नोकरी लागली आहे, ज्यांचा पगार सुरू झाला आहे, त्यांना एक विनंती. जयंतीची वर्गणी देताना आपल्या शहरात इंटर्नशिपला येणाऱ्या एका मुलीच्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याचा विचार करा. रायपूर, नागपूर, पुणे, मुंबई, सगळीकडे आपली विहारं आहेत, मंडळं आहेत, रिकामी खोली असलेली घरं आहेत. सरकारकडे मागणी करत राहू, ती सोडायची नाही. पण या उन्हाळ्यात जी मुलगी जाहिरात वाचून फोन बाजूला ठेवणार आहे, तिच्यासाठी पंधरा हजार रुपये ही मोठी रक्कम आहे, पाच पगारदारांसाठी नाही.

जय भीम.